बाईंना विचारा : आधी हाक मारून बघा

मागच्या अंकात बारशावर मी चार ओळी लिहिल्या काय, संपादकांनी पत्रांचा गठ्ठाच पाठवून दिला. मी ज्योतिषी नाही, भाषापंडितही नाही. देवगड आणि राजापूर तालुक्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत छत्तीस वर्षं रोज सकाळी हजेरी घेतली, तेवढाच माझा नावांशी संबंध. गठ्ठ्यातली पाच पत्रं निवडली आहेत.

बाई, आम्हाला मुलगा झाला. सासूबाईंना पणजोबांचं ‘सखाराम’ हवं आहे, घराण्याची रीत म्हणून. आम्हा दोघांना ‘रेयांश’ आवडलंय. नवरा आईसमोर गप्प बसतो. बारसं रविवारी आहे. – एक सून, मिठबांव

रविवार म्हणजे वेळ थोडा आहे, तेव्हा रेयांशचं आधी उरकते. मोबाइलवर त्याचा अर्थ कुठे ‘विष्णूचा अंश’ असा दिसतो, कुठे ‘सूर्याचा किरण’. त्यातला ‘अंश’ खरा. ‘रेय’ म्हणजे काय ते मला कुठल्या कोशात सापडलेलं नाही. या मोबाइलवरच्या याद्यांवर माझा जुना राग आहे. ‘आरव’ म्हणजे शांत, असं त्या सांगतात; संस्कृतात आरव म्हणजे आवाज, ओरडा. (पाळण्यातलं पोर हा अर्थ खरा करून दाखवतं, ते वेगळं.) ‘तृषा’ म्हणजे तहान. ‘अनय’ म्हणजे अनीती, शिवाय आपल्याकडे राधेच्या नवऱ्याचं नाव. ‘मायरा’ हे राजस्थानात लग्नात मामाकडून येणारं देणं. अर्थ नसला म्हणून नाव वाईट होत नाही, आमच्या बाबल्याला कुठे अर्थ आहे? पण नसलेला अर्थ पत्रिकेवर छापू नये.

आता सखाराम. थोरल्या मुलाला आजोबा-पणजोबांचं नाव द्यायची रीत खरीच आहे, पण तिची दुसरी बाजू सासूबाई सांगत नाहीत. ते नाव घरात कुणी घेतच नसे. सुनेनं सासऱ्याचं नाव उच्चारायचं नाही, मग पोराला रागावणार कशी? म्हणून प्रत्येक गणपत, विष्णू, महादेव घरात बापू, भाऊ, बाबू, बाळ होऊन राहिला. लोकमान्यांचंच बघा, रत्नागिरीत जन्मले तेव्हा नाव ठेवलं केशव, आणि जगाला माहीत झालं ते घरातलं ‘बाळ’.

माझी नोकरी नवी होती तेव्हाची गोष्ट. जूनचा पाऊस, शाळेच्या दारात इरलं घेतलेली एक बाई आणि तिच्या ओच्याला धरून उभा मुलगा. जनरल रजिस्टर उघडून विचारलं, नाव काय? पोर म्हणालं, ‘‘बाबलो.’’ खरं नाव काय रे? त्याला माहीत नव्हतं. आईकडे बघितलं तर ती म्हणाली, ‘‘माका घेवचा नाय, बाई. मामंजींचा आसा.’’ मग मला सांगायचं कसं? तिनं इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाली, ‘‘भादव्यात येतत ते.’’ मी ‘गणपत’ लिहिलं. जन्मतारीख विचारली तेव्हा ‘भात लावणीच्या वेळचो’ एवढंच कळलं, म्हणून सगळ्यांची टाकत असू तशी १ जून टाकली. तो गणपत आज एसटीत कंडक्टर आहे, आणि बायको त्याला अजून बाबलच म्हणते.

तेव्हा माझं म्हणणं असं. रीत म्हणून सखाराम ठेवू नका. आज रात्री सासूबाईंना पणजोबांची एखादी गोष्ट सांगायला सांगा. त्यांना ती येत असेल, तर बेलाशक सखाराम ठेवा. पोरानं उद्या ‘माझंच नाव असं का?’ म्हटलं तर घरात उत्तर असेल. त्यांनाही काही आठवत नसेल, तर दोन्ही नावं सोडून तिसरं शोधा. आणि जे ठरवाल ते शेजारणीकडून खळ्यात उभं राहून दोनदा मोठ्यानं हाकारून घ्या. आपल्याकडे हाक मारताना नावाच्या शेवटी ‘ओ’ येतोच. ‘रेयांशो’ कानाला कसं लागतं ते तुमचं तुम्हीच ठरवा. फक्त दोन्ही पक्ष खूश करायला ‘सखांश’ वगैरे काही काढू नका, एवढं माझं ऐका.

भटजींनी पत्रिका मांडून ‘ण’ अक्षर सांगितलं. ‘ण’वरून मुलीचं नाव सुचवाल का? – जैतापूरहून एक बाबा

नाही सुचवणार, कारण मराठीत ‘ण’नं सुरू होणारा शब्दच नाही. तुमची मुलगी हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावर जन्मलेली दिसते. हस्ताची अक्षरं पू, ष, ण, ठ. यात तुमचं नशीब तसं बरं म्हणायचं, आर्द्रेत कू, घ, ङ, छ आहे. ‘ङ’वाल्या बापानं काय करावं? जन्मनाव पत्रिकेत राहतं, हाकेचं नाव वेगळं असतं, हे भटजींनाही चांगलं ठाऊक असतं. त्यांना विचारलंत तर ‘न’ चालवून घेतील. माझ्या वर्गात एक ठकू होती, तीही हस्ताचीच, चौथ्या चरणाची. तिचं काही अडलं नाही.

मी कामाला मुंबईत, गाव नाटे. मुलाचं नाव ईशान ठरलं. अंकशास्त्रवाल्यांनी इंग्रजी स्पेलिंगमध्ये सुरुवातीला दोन ‘ई’ आणि शेवटी दोन ‘एन’ लावायला सांगितलंय. बायको म्हणते, काही नको. लावू का? – एक चाकरमानी

दोन एननं भाग्य उजळतं की नाही ते मला कळत नाही. घोटाळा होतो तो मात्र मी भोगलाय. निवृत्त झाले तेव्हा माझ्या सेवापुस्तकात एक नाव आणि बँकेच्या पासबुकात दुसरं. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत सात महिने गेले आणि तोवर पेन्शन नाही. साहेब चांगला होता हो, पण कागदावरच्या दोन बाया एकच आहेत हे तो कसं मानणार? माझी दोन नावं का होती ते शेवटच्या पत्रात येईल.

तुमच्या ईशानचं तसंच व्हायचं. जन्मदाखल्यात दोन एन, आधारवाल्यानं घाईत एकच दाबला, शाळेत बाईंनी आपल्या मनानं तिसरंच लिहिलं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. म्हणून तिथलं स्पेलिंग ठरवताना एकच कसोटी लावा: फोनवर न अडखळता सांगता आलं पाहिजे. ‘ई दोनदा, हो हो, दोनदा, आणि शेवटी एन पण दोनदा’ हे पोराला जन्मभर सांगत बसायला लावणार का?

नोंदीची घाई मात्र करू नका, घाईत नावं बिघडतात. जन्म २१ दिवसांत नोंदवायचा असतो, पण त्या नोंदीत नावाची जागा रिकामी ठेवता येते. वर्षभरात नाव विनाशुल्क घालून मिळतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. एकदा घातलेलं नाव बदलायचं म्हटलं की मात्र खेटे सुरू. मूल मुंबईत झालं असेल तर नोंदही तिथेच होणार, त्यासाठी गावच्या ग्रामपंचायतीत हेलपाटा घालू नका. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आहे. म्हणजे बायकोचं नावही लागणार. तिच्या आधारवर आणि लग्नाच्या दाखल्यावर ते एकसारखं आहे का, ते आज संध्याकाळी बघा. एन नंतर मोजा.

नातवाच्या बारशाच्या पत्रिकेत निमंत्रक म्हणून मुलानं माझं नाव ‘डी. आर.’ असं छापायला दिलंय. ‘धोंडू’ लिहायची त्याला लाज वाटते. – एक आजोबा, मुणगे

आजोबा, तुमच्या आधी तुमच्या आईची किती मुलं गेली, हे मुलाला कधी सांगितलंत का? पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण नावावरून अंदाज येतो. धोंडू, दगडू, केरू, भिकाजी ही नावं हौसेनं ठेवलेली नाहीत. एक गेलं, दुसरं गेलं, मग तिसऱ्याला दृष्ट लागू नये म्हणून धोंडा म्हणायचं, केर म्हणायचं. काही घरांत तर पोर सुपात घालून शेजारणीला देत आणि तिच्याकडून भीक म्हणून परत घेत, तो भिकाजी.

मुलाला आणखी एक सांगा. आपल्या खेड तालुक्यातल्या शेरवलीत १८५८ साली एक धोंडो जन्मला, दापोलीजवळच्या मुरूडला वाढला, बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य घालवून १०४ वर्षं जगला. धोंडो केशव कर्वे. शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं. धोंडू टिकतो तो असा. छापखान्यात आजच फोन करा, पत्रिका छापून झाली तर खर्च मुलाच्या माथी.

माझी आजी आचऱ्याला असते, वय ८४. सगळे तिला सुनंदा म्हणून ओळखतात. गेल्या महिन्यात बोलता बोलता कळलं की माहेरचं तिचं नाव ‘आवडी’. मला मुलीला तेच द्यायचंय. आई म्हणते, हयात माणसाचं नाव ठेवत नाहीत. आजीला विचारलं तर हसून म्हणाली, ‘‘त्या नावान आता माका कोण हाक मारतलो?’’ – एक नवी आई, कणकवली

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो, हे तुम्ही पाहिलं असेल. माझ्या लग्नात ते तांबसर रंगाचे घरचे तांदूळ होते आणि यांचा हात थरथरत होता, त्यामुळे ‘वैशाली’तला ‘शा’ नीट उमटलाच नाही. सगळे हसले, मीही हसले. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला. माहेरची मी शालिनी. नोकरी लग्नाआधीची, म्हणून सेवापुस्तकात शालिनी राहिली. बँकेत खातं यांनी काढून दिलं, तिथे वैशाली झाली. सात महिन्यांची पेन्शन अडली ती त्या ताटापायी. पण खरं सांगते, त्या दिवसांत कारकून पुन्हा पुन्हा ‘शालिनी कोण?’ म्हणून विचारायचा, तेव्हा ‘मी’ म्हणताना मला बरं वाटायचं. आई गेल्यापासून त्या नावानं मला कुणी बोलावलं नव्हतं.

आता तुमच्या आईची शंका. हयात माणसाचं नाव का ठेवत नाहीत? तर घरात त्या नावानं पोराला रागावलं की ते थोरांना लागतं म्हणून. तुमच्या घरात थोरांचं नाव सुनंदा आहे. आवडी हे नाव तर लग्न झाल्यापासून कुणी घेतलेलंच नाही. मुलीला ‘आवडे, पसारा आवर’ म्हटलंत तरी कुणाचा मान जाणार नाही. आईला हे असं सांगून बघा. शिवाय नाव केवढं सुटसुटीत! खळ्यातून हाक मारा, पाणंदीतून मारा, कुठूनही पोचतं. स्पेलिंगचाही प्रश्न नाही.

बारशाला आजीला भिंतीशी लांब बसवू नका, पाळण्याला टेकून बसवा. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ झालं की आत्या बाळाच्या कानात नाव सांगेल. ते कुजबुजून सांगायची पद्धत आहे, पण आजीचं वय बघता आत्येला आधीच सांगून ठेवा, जरा मोठ्यानं म्हणायला.