स्क्वॅशमधली चिमूटभर पावडर

प्रश्न : दर मोसमात आम्ही संत्र्याच्या स्क्वॅशमध्ये केएमएस पावडर घालतो. माझ्या आठ वर्षांच्या मुलाला दमा आहे. परवा नवी बाटली उघडून दिली, तर पहिल्या घोटालाच त्याला खोकल्याची उबळ आली आणि छातीत घरघर सुरू झाली. हा पावडरीचा परिणाम असेल का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : असू शकतो, म्हणून डॉक्टरांचा सल्ला मिळेपर्यंत मुलाला हा स्क्वॅश अजिबात देऊ नये. केएमएस म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. आंबट रसात विरघळताच त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. तोच बुरशी धरू देत नाही आणि रसाचा रंगही काळवंडू देत नाही. झाकण उघडताच काडेपेटीची काडी ओढल्यासारखा जो वास नाकाला झोंबतो, तो याच वायूचा. पेला तोंडाशी नेताना तो श्वासाबरोबर आत जातो आणि दमा असलेल्या काही जणांच्या श्वासनलिका त्यामुळे आकसतात. एरवी शरीर सल्फाइटचे (पावडरीतल्या या गंधकयुक्त क्षाराचे) सल्फेट करून ते लघवीवाटे बाहेर टाकते, त्यामुळे बहुतेकांना काहीच जाणवत नाही.

मात्र दमा नसला तरी लहान मुलांच्या बाबतीत प्रमाणाचा हिशेब मांडायलाच हवा, आणि तो घरोघरी राहून जातो. किलोभर स्क्वॅशला ०.६ ग्रॅम पावडर घातली, तर सुमारे ३५० मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड मिळतो. एका पेल्याला ६० ग्रॅम स्क्वॅश लागला, तर त्यातले २१ मिलिग्रॅम पोटात जातात. जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) यांच्या तज्ज्ञ समितीने सल्फर डायऑक्साइडसाठी वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.७ मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली आहे. पन्नास किलोच्या माणसाला ती ३५ मिलिग्रॅम पडते, पण २४ किलोच्या मुलाला जेमतेम १७. शिवाय पावडर काट्यावर न तोलता चिमटीने घातली, तर हे प्रमाण सहज दुप्पट होते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तर २०२२ मध्ये, उपलब्ध माहिती अपुरी ठरवून, आपली ०.७ची तात्पुरती मर्यादाच मागे घेतली.

आपल्या मुलाच्या बाबतीत पिवळेधमक बेदाणे आणि केशरी जर्दाळू यांच्याकडेही लक्ष द्यावे, कारण त्यांचा रंग टिकवण्यासाठी बहुधा गंधकाची धुरी, म्हणजे हाच वायू, दिलेली असते. पाकिटावर २२० ते २२८ यांपैकी क्रमांक (सल्फर डायऑक्साइड आणि सल्फाइट यांचे क्रमांक) आहे का, ते पाहावे; सुट्या मालावर मात्र हे कळायला मार्ग नसतो. संत्र्याचा ताजा रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवला, तर पावडरीची गरजच पडत नाही.