इटरेशन्स संपल्याची वॉर्निंग: आधी रोटेशनचं सेंटर आणि खाडीचा मास्क बघा

प्रश्न असा आहे: मुंबईचं लँडसॅट ८ उपग्रहाचं चित्र सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रावर बसवताना सिंपलआयटीके (चित्रं एकमेकांवर बसवणारी सॉफ्टवेअर लायब्ररी) ‘मॅक्झिमम नंबर ऑफ इटरेशन्स एक्सीडेड’ म्हणतं, म्हणजे ठरवलेल्या फेऱ्या संपल्या. चित्रांच्या ओरिजिनमध्ये (कोपऱ्याच्या जागेत) यूटीएमचे, म्हणजे नकाशाचे मीटरमधले आकडे घातले आहेत. इटरेशन्स १०० चे ५०० केले तरी तेच. आता काय करायचं?

ही ओळ फक्त ऑप्टिमायझर (चित्र सरकवून-फिरवून योग्य जागा शोधणारा भाग) का थांबला एवढंच सांगते. चित्र नीट बसलं की नाही, याच्याशी तिचा संबंध नाही. उलट ‘स्टेप टू स्मॉल’ वाचून लोक निर्धास्त होतात, पण चुकीच्या खड्ड्यात अडकल्यावरही तोच संदेश येतो. शिवाय चित्र आधी ढोबळ, मग बारीक अशा पातळ्यांवर बसवत असाल तर इटरेशन्सची मर्यादा प्रत्येक पातळीला वेगळी लागते आणि संदेश शेवटच्या पातळीचाच दिसतो. म्हणून दर इटरेशनला मेट्रिकची (चित्रं किती जुळली ते मोजणाऱ्या आकड्याची) किंमत छापा. मॅटीस म्युच्युअल इन्फर्मेशन हे मेट्रिक वापरत असाल तर त्याची किंमत ऋण असते, ती आणखी खाली जायला हवी. शेवटपर्यंत उतरत असेल तरच इटरेशन्स वाढवा. वरखाली हेलकावत असेल तर लर्निंग रेट (ऑप्टिमायझरच्या पावलाचा आकार) कमी करा.

५०० नेही फरक पडला नाही, म्हणून माझा पहिला संशय रोटेशनच्या सेंटरवर आहे. ओरिजिनमध्ये तुम्ही यूटीएमचे आकडे घातलेत. मुंबईचं नॉर्दिंग साधारण २१ लाख मीटर. ऑयलर ट्रान्सफॉर्मचं (चित्र फिरवणं आणि सरकवणं) सेंटर मुळात (०, ०) असतं, म्हणजे ०.००१ रेडियन वळवलं तरी चित्र दोन किलोमीटरहून जास्त सरकतं! अशात रोटेशन आणि ट्रान्सलेशन एकमेकांत गुंततात आणि ऑप्टिमायझर भरकटतो. सेंटर्ड ट्रान्सफॉर्म इनिशियलायझर ‘जॉमेट्री’ मोडमध्ये वापरा, म्हणजे सेंटर चित्राच्या मध्यावर येईल, आणि ऑप्टिमायझर स्केल्स फिजिकल शिफ्टवरून घ्या: रेडियन आणि मीटर एकाच मापाने मोजायचे नसतात.

दुसरं कारण खास आपल्याकडचं: पाणी. दोन्ही उपग्रह सकाळीच जातात, पण भरती-ओहोटी रोज वेगळी असते, उधाणात फरक चार मीटरहून जास्त. ठाणे खाडीत एका चित्रात चिखल उघडा, दुसऱ्यात पाण्याखाली. मेट्रिक त्या खोट्या कडा जुळवायला धावतं. फिक्स्ड मास्कमध्ये (स्थिर धरलेल्या चित्राचा कुठला भाग मोजायचा ते सांगणाऱ्या मास्कमध्ये) समुद्र, खाडी, माहीमचा उपसागर आणि ढग शून्य करा. मास्कची कड तिवरांच्याही आत, पक्क्या जमिनीवर आणा. जून ते सप्टेंबरची चित्रं शक्यतो टाळाच.

सॅम्पलिंग (मेट्रिकसाठी घेतलेल्या पिक्सेलचं प्रमाण) १ टक्का असेल तर १० टक्के करा आणि सीड (कुठले पिक्सेल निवडले जातील ते ठरवणारा आकडा) ठरवून द्या. नाहीतर सीड घड्याळावरून ठरतो आणि दर वेळी उत्तर बदलतं.

मग डोळ्यांनी तपासा. सांताक्रूझच्या दोन रनवेंचा छेद, महालक्ष्मी रेसकोर्सची कड, आणखी कुलाबा आणि बोरिवलीकडचे एकेक रस्त्यांचे चौक घ्या. एकाच भागातले बिंदू रोटेशनची चूक लपवतात. शेवटी सुरुवातीची जागा चार दिशांना १०० मीटर सरकवून पुन्हा चालवा. चारही उत्तरं १० मीटरच्या आत आली आणि हे बिंदूही जुळले तर वॉर्निंग खुशाल सोडून द्या. नाही आली तर पुन्हा मास्कपासून सुरू करा.