डिपर, हॉर्न आणि उजवीकडची गाडी

प्रश्न : मुलगी जर्मनीत श्टुटगार्टला असते. मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे जातोय, तिची गाडी मी चालवीन म्हणतो. कसारा घाटात हयात गेली, त्यामुळे रस्त्याची भीती नाही. जावई मात्र म्हणतात, हॉर्न आणि डिपरला हात लावू नका. एवढं खरंच असतं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वस्तीत जावयांचं ऐकाच. तिथे हॉर्न फक्त धोका असेल तर. वस्तीबाहेर ओव्हरटेक करताना छोटासा हॉर्न किंवा डिपर चालतो. पण पुढच्याला चिकटून डिपर मारत राहिलात तर प्रकरण गुन्ह्यापर्यंत जाऊ शकतं. कसाऱ्यात समोरून डिपर आला की ‘मी येतोय, थांब’. जर्मनीत अरुंद रस्त्यावर समोरचा थांबून डिपर देतो, तो बहुधा ‘या तुम्ही’ म्हणून. कायद्याचा आधार त्याला नाही, तेव्हा बघूनच निघा.

मला जास्त काळजी वाटते ती तुमच्या भलेपणाची. पाटी नाही, सिग्नल नाही अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो बारक्या गल्लीतून का येईना. आणि उजवीकडून तुम्ही येत असाल, तर डावीकडचा थांबतोय एवढं बघून निघायचं. ‘तुम्ही आधी’ करत हात दाखवत बसलं की सगळेच गोंधळतात. पिवळ्या हिऱ्याच्या आकाराची पाटी असेल तर तुमचा रस्ता प्राधान्याचा. गर्दीत लेन संपते तिथेही हेच : शेवटपर्यंत जायचं, मग एक गाडी या लेनमधली, एक त्या. आपल्याला ती घुसखोरी वाटते, तिथे तो नियम आहे.

ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या एक्सप्रेसवेवर, ओव्हरटेक झालं की उजव्या लेनमध्ये परत या. १३०चा वेग ही शिफारस आहे. मर्यादा नसलेल्या पट्ट्यात २००नं येणारी गाडी आरशात आधी नुसता ठिपका दिसते.

आणि एक गोष्ट कृपा करून विसरू नका. वाहतूक तुंबून गाड्या रांगू लागल्या, की सायरनची वाट न बघता सगळ्यात डावी लेन डावीकडे सरकते, बाकीच्या उजवीकडे. मधली वाट ॲम्ब्युलन्सची. ती अडवली तर किमान २०० युरो दंड, पण दंडासाठी नाही, आत कुणीतरी असतं म्हणून सरका.

निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, मूळ लायसन्सही जवळ ठेवा. गाडीच्या विम्यात दुसऱ्या चालकाला परवानगी आहे का, ते मुलीला आधीच विचारायला सांगा.