विमा होता, तरी पैसे का गेले?

प्रश्न: मी संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी बाबांचं ऑपरेशन झालं. विमा होता, तरी निम्म्याहून जास्त खर्च घरातूनच गेला. पॉलिसीत काय बसतं आणि काय नाही, ते आम्हाला डिस्चार्जच्या दिवशी कळलं. असं का होतं, याचाच अभ्यास करावासा वाटतो. पण मी डॉक्टर नाही. यात करिअर होतं का? घरचे म्हणतात, आधी पक्की नोकरी बघ. – एक विद्यार्थिनी

उत्तर: तुझं पत्र मी दोनदा वाचलं. ‘डिस्चार्जच्या दिवशी कळलं’ हे तुझं वाक्य मनातून जात नाही, कारण विमा असणं आणि वेळेला तो उपयोगी पडणं यातलं अंतर मोजणं हेच तर हे काम. याला आरोग्यसेवा संशोधन म्हणतात. डॉक्टर नसलीस म्हणून काही अडत नाही. इथे संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र शिकलेली माणसं डॉक्टर-नर्सच्या जोडीनं काम करतात.

एक उदाहरण सांगते. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात 2008 मध्ये गरिबांसाठीच्या सरकारी विम्याच्या जागा थोड्या होत्या, म्हणून सोडत काढली. जवळपास 90 हजार लोकांनी नावं दिली. नंबर लागलेले आणि न लागलेले असे दोन गट आपसूक तयार झाले आणि संशोधकांनी दोघांचीही माहिती गोळा केली. सुमारे दोन वर्षांनी दिसलं की विमा मिळालेल्यांचं उपचार घेणं वाढलं, नैराश्य कमी झालं आणि कंबरडं मोडणारा दवाखान्याचा खर्च जवळजवळ थांबला. पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखरेचं नियंत्रण यांत ठाम म्हणावा असा फरक सापडला नाही. विम्याचे समर्थक आणि विरोधक, दोघांनीही यातला आपापल्या सोयीचा अर्धा भाग उचलला. संशोधकाला ती मुभा नाही. तुला दोन्ही अर्धे एकाच पानावर लिहावे लागतील.

उपचारांच्या दर्जाचा प्रश्न तर आणखी अवघड. 2018 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या एका आयोगानं 137 अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांचा हिशेब मांडला. योग्य उपचारांनी टळले असते अशा वर्षाकाठच्या 86 लाख मृत्यूंपैकी सुमारे 50 लाख मृत्यू उपचारांपर्यंत पोचलेल्या माणसांचे होते. म्हणजे माणूस दवाखान्यात पोचला, इथे आपली मोजणी संपत नाही.

आकडेमोड तुला जमेल. खरी कसोटी प्रश्न विचारण्यात आहे. घरोघरच्या पाहणीत विचारतात, ‘गेल्या महिन्यात कोणी आजारी होतं का? उपचार घेतले का?’ बाई म्हणतात, ‘नाही, तेवढं काही नव्हतं.’ अर्जावर ‘गरज नव्हती’ या चौकटीत खूण होते. थोडं थांबून ‘पैशाची अडचण नसती तर गेला असतात का?’ असं विचारलं, की कधी कधी त्याच बाई मान हलवतात. खूण दुसऱ्या चौकटीत जाते आणि अहवालाचा निष्कर्षही बदलू शकतो. दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये अशा माणसांचं नावच नसतं. त्यांना शोधणारी माणसं मला या क्षेत्रात हवी आहेत.

शिक्षणाचं थोडक्यात: पदवीनंतर सार्वजनिक आरोग्य, आरोग्य अर्थशास्त्र किंवा जैवसंख्याशास्त्र यांपैकी एकात पदव्युत्तर शिक्षण घे. तुला मी जैवसंख्याशास्त्र सुचवेन, पाया तयार आहे. ‘आर’ किंवा ‘स्टाटा’ ही आकडेवारीच्या विश्लेषणाची सॉफ्टवेअर आत्तापासून हाताळायला लाग. पीएच.डी. स्वतंत्र संशोधनासाठी लागते, सुरुवातीला नाही. विद्यापीठं, सरकारी आरोग्य विभाग, विमा योजना, संशोधन संस्था इथे कामं असतात.

घरच्यांची काळजी मात्र रास्त आहे. सुरुवातीच्या बऱ्याच नोकऱ्या प्रकल्पापुरत्या, कंत्राटी असतात आणि पहिली काही वर्षं विम्याच्या दाव्यांचा विस्कळीत डेटा साफ करण्यात जातात. हे त्यांना लपवू नकोस. आधी एक वर्ष संशोधन साहाय्यक म्हणून पगारी काम कर, मग पुढच्या शिक्षणाचं ठरव.

तोवर एक काम कर. बाबांची पॉलिसी, बिल आणि दावा मंजुरीचं पत्र शेजारी शेजारी ठेव. नाकारलेल्या प्रत्येक रकमेपुढे लिही: हे आम्हाला कोणी सांगायला हवं होतं आणि कधी? पण कागद उघडण्याआधी बाबांना विचार. आजारपण त्यांचं आहे. ते ‘नको’ म्हणाले, तर फाइल बंदच राहू दे.