उपचारसंबंध आधी सुधारला की नैराश्य आधी उतरले?

आपण विचारले आहे की, सोलापुरातील एका समुपदेशन केंद्रात नैराश्याच्या रुग्णांकडून दर आठवड्याला उपचारसंबंधाची (म्हणजे थेरपिस्टशी जुळलेल्या नात्याची) प्रश्नावली आणि पीएचक्यू-९ ही नैराश्याची तीव्रता मोजणारी प्रश्नावली भरून घेतली असून दोन्हींच्या गुणांत ठळक ऋण सहसंबंध आढळतो (एकाचे गुण जास्त तेव्हा दुसऱ्याचे कमी), तर थेरपिस्टशी नाते जुळल्यामुळे नैराश्य उतरले असे प्रबंधात म्हणता येईल का. एवढ्या आधारावर म्हणता येणार नाही. मात्र दर आठवड्याच्या नोंदी हाती असल्यामुळे त्यांतून याहून पुष्कळ काही काढता येईल.

त्या एका सहसंबंधात दोन निराळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. माणसांवर पटकन विश्वास टाकणारे, घरून पाठबळ असलेले रुग्ण थेरपिस्टशीही लवकर जुळवून घेतात आणि बरेही लवकर होतात. हा झाला व्यक्तीव्यक्तींमधला फरक. आपल्याला हवा आहे तो एकाच व्यक्तीच्या आतला चढउतार. समजा, एखाद्या बाईंची उपचारसंबंधाची स्वतःची सरासरी ६० आहे आणि चौथ्या सत्रात त्यांनी ६६ गुण दिले, तर मॉडेलमध्ये घालायचा आकडा ६६ नव्हे, अधिक ६ हा. आणि पाहायचे ते हे की, पुढच्या मोजणीत त्यांचा पीएचक्यू-९ त्यांच्या नेहमीच्या पातळीखाली जातो का. हामाकर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की, नेहमीचे क्रॉस-लॅग्ड मॉडेल, म्हणजे एका गोष्टीच्या आधीच्या मोजणीवरून दुसरीची पुढची मोजणी सांगणारे मॉडेल, हे दोन पदर वेगळे करत नाही. त्यासाठी त्यात रँडम इंटरसेप्ट, म्हणजे प्रत्येक व्यक्तीची स्वतःची कायमची पातळी दाखवणारे पद, घालावा लागतो.

उलट दिशाही त्याच मॉडेलमध्ये तपासा. टँग आणि डीरुबाइस यांच्या १९९९ च्या अभ्यासात, नैराश्य एकाएकी उतरल्यानंतरच्या सत्रात उपचारसंबंध अधिक चांगला झालेला आढळला होता. बरे वाटू लागले की थेरपिस्टवरचा विश्वासही वाढतो, हे प्रत्यक्ष काम करणाऱ्या कोणालाही पटेल.

एक अडचण सहसा नजरेतून सुटते. पीएचक्यू-९ मागील दोन आठवड्यांबद्दल विचारते, आपण ती दर आठवड्याला भरून घेतली. म्हणजे लागोपाठच्या दोन मोजण्यांत एक आठवडा सामाईक आहे, आणि कारण आधी की परिणाम आधी हे तेवढ्यापुरते धूसर होते. म्हणून दोन आठवड्यांच्या अंतरानेही विश्लेषण करून पाहावे. सत्राच्या क्रमांकाऐवजी तारीख वापरावी, कारण जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत सत्रे चुकली असतील, तर पाचवे आणि सहावे सत्र यांतले अंतर सर्वांसाठी सारखे राहत नाही.

उपचाराचा परिणाम नात्यामार्फत नैराश्यावर होतो का, हा अप्रत्यक्ष परिणाम तपासायला बॅरन आणि केनी यांची १९८६ ची पायऱ्यांची पद्धत मार्गदर्शक सुचवतील; त्याऐवजी बूटस्ट्रॅप (हातच्या नोंदींतूनच पुन्हापुन्हा नमुने काढून अंदाजाची अनिश्चितता मोजणे) वापरणे बरे, पण बूटस्ट्रॅपने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. व्यक्तीच्या आतला फरक घेतला तरी, विडी कारखान्याचे किंवा यंत्रमागाचे काम आठवडाभर बंद राहण्यासारखी बदलती कारणे त्यात शिल्लक राहतातच. त्यांची नोंद असेल तर ती मॉडेलमध्ये घ्यावी.

या सर्वांच्या आधी एक तपासणी आवश्यक आहे. शहराच्या पूर्व भागातील काही रुग्णांनी प्रश्नावली तेलुगूतून भरली असेल, तर मराठी आणि तेलुगू या दोन्ही भाषांतील प्रश्न एकच गोष्ट मोजतात का हे मेझरमेंट इन्व्हेरियन्सने (गटागटांत मोजमाप सारखेच आहे का हे तपासणाऱ्या चाचणीने) पाहावे, आणि त्यासाठी रुग्णसंख्या अपुरी पडत असल्यास प्रबंधात तसे स्पष्ट नोंदवून दोन्ही गटांचे आलेख वेगवेगळे द्यावेत.