दोनशे जणांना फॉलो करूनही शिकणं का होत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरी सांभाळून डेटा अ‍ॅनालिसिस शिकताय, दोनशेच्या वर लोकांना फॉलो केलंय, डझनभर ग्रुपांत आहात, बुकमार्कांचा ढीग साचलाय, तरी हाती काही लागत नाही. मग आता कोणतं अ‍ॅप घ्यावं? माझ्या मते कोणतंच नको. वाचायला तुमच्याकडे भरपूर आहे, पण तुम्ही कुठे अडला आहात हे त्या दोनशेपैकी एकालाही ठाऊक नाही. सध्या गाडी रिकाम्या नोंदींपाशी, म्हणजे डेटात जिथे काही भरलेलंच नाही अशा जागांपाशी, अडलीय, असं शेवटच्या ओळीत ओझरतं लिहिलंय तुम्ही. खरी सुरुवात तिथूनच करायची.

पुढचे दोनेक महिने फक्त तो एक प्रश्न धरा. 'डेटा अ‍ॅनालिसिस' एवढ्या मोठ्या विषयाला सगळेच जण उपयोगी वाटतात. 'रिकाम्या नोंदींचं काय करायचं' म्हटलं की निम्मी यादी आपोआप गळते.

माणसं शोधताना फॉलोअरांचा आकडा बघू नका. क्रॉस व्हॅलिडेटेड या संख्याशास्त्राच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर या विषयाचं एखादं चांगलं उत्तर वाचलंत, तर त्याखालच्या कमेंट वाचा. तिथे मुद्देसूद हुज्जत कोण घालतंय, उत्तर देणाऱ्याने कुणाच्या कामाचा दाखला दिलाय, ती नावं टिपून ठेवा. अशा लोकांना फारसं कुणी ओळखत नसतं, आणि म्हणूनच विचारलं तर ते उत्तर देतात.

यात थोडे शेजारच्या क्षेत्रातले हवेतच. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये 'दुबळ्या नात्यांचं बळ' मांडलं. जवळच्या माणसांना बहुतेक तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं, नवी माहिती येते ती तोंडओळखीच्या लोकांकडून. तुमच्या बाबतीत हे लोक म्हणजे वैद्यकीय चाचण्या आणि सर्वेक्षणं करणारे. चाचणी अर्धवट सोडून जाणारे रुग्ण आणि प्रश्न कोरे ठेवणारे उत्तरदाते हे त्यांचं रोजचंच दुखणं. रिकाम्या नोंदींवरचा विचार त्यांच्याकडे खूप पुढे गेलाय.

साधनांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. एक फीड रीडर आणि एक नोट्सची जागा, पुरे. फीड रीडरमध्ये तुम्ही निवडलेल्यांचं लिखाण ओळीने येतं, काय वर दाखवायचं ते अल्गोरिदम ठरवत नाही. एक अट मात्र पाळा: ज्यातून आपली यादी बाहेर काढता येत नाही, ते घेऊ नका. गुगल रीडर जुलै २०१३ मध्ये बंद झालं, तेव्हा फीडची यादी ओपीएमएल फाइलमध्ये (जी दुसऱ्या रीडरलाही वाचता येते) काढून घेतलेल्यांचा मुक्काम सहज हलला. लेख नंतर वाचायला साठवून ठेवायचं अ‍ॅप पॉकेट, तेही २०२५ च्या जुलैत गेलं. मास्टोडॉन या सोशल नेटवर्कवरून फॉलो केलेल्यांची यादी उतरवून घेता येते, तशी सोय जिथे असेल तिथे वापरा. आणि बंद चॅट-ग्रुपांवर भिस्त ठेवू नका. तिथलं चांगलं उत्तर दोन दिवसांत शुभेच्छांखाली गाडलं जातं, शोधूनही सापडत नाही.

आता जे बहुतेक जण करत नाहीत ते. जे कळलं ते चार-पाच ओळींत उघड लिहा, अर्धवट असलं तरी. उदाहरणार्थ: 'रिकाम्या जागी सरासरी भरून पाहिली. सरासरी तीच राहिली, पण आकड्यांचा विखुरलेपणा कमी झाला आणि दोन रकान्यांमधला संबंधही फिका पडला. दुसरं काय करता येईल?' यातून वाचणाऱ्याला तीन गोष्टी कळतात: तुम्ही काय केलंत, काय दिसलं आणि कुठे अडलात. जाणकार माणूस बहुधा पद्धत सांगणार नाही, उलट विचारेल की नोंदी रिकाम्या का आहेत? यंत्र अधूनमधून बंद पडलं म्हणून, की जास्त उत्पन्नवाल्यांनी उत्पन्नाचा रकाना मुद्दाम कोरा ठेवला म्हणून? संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी हा भेद १९७६ मध्येच मांडला, आणि पद्धत त्यावरच ठरते. नुसतं वाचत बसलात तर हा उलटा प्रश्न तुम्हाला कुणी विचारणार नाही.

ऑनलाइन शिक्षणाचे अभ्यासक जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी २००८ मध्ये चालवलेल्या खुल्या ऑनलाइन कोर्सची रचना अशीच होती. पैसे भरून बसलेले विद्यार्थी पंचवीसेक, बाहेरून फुकट सामील झालेले दोन हजारांवर. प्रत्येकाने आपापल्या जागी लिहायचं, आणि ते सगळं गोळा करून रोज सर्वांना पाठवलं जायचं.

मोठ्या नावांना थेट मेसेज करून 'मार्गदर्शन करा' म्हणू नका, त्याला उत्तर काय देणार? उघड्यावर विचारा. आणि अडचण सुटली की त्याच जागी परत येऊन कशाने सुटली ते लिहा. हे करणारे इतके थोडे आहेत की तुमचं नाव लोकांच्या लक्षात राहील.

चॅटबॉटला विचारून भागत नाही का? पद्धतीची ओळख करून घ्यायला भागतं, मीही विचारतो. पण सहा महिन्यांनी 'तुम्ही मागे ज्यात अडला होतात त्यावर हे नवं आलंय' असं आपणहून कळवणारा एखादा माणूसच असतो.

तेव्हा तुमच्या डेटात कोणते रकाने रिकामे आहेत, साधारण किती टक्के, आणि ते रिकामे का असावेत असं तुम्हाला वाटतं, ते खाली लिहा. इथले दोघे-तिघे सर्वेक्षणांच्या कामात आहेत, त्यांना मी टॅग करतो.