इंदूरमध्ये एक दिवसाआड, ठरावीक वेळच पाणी येते. रस्ता न खोदता जलवाहिनीची गळती कशी शोधावी?

एका टाकीवर अवलंबून असलेला भाग आधी व्हॉल्व्ह बंद करून वेगळा करावा, टाकीतून सुटलेले पाणी आणि घरांपर्यंत पोहोचलेले पाणी मोजून पाहावे, आणि तफावत मोठी आढळल्यास पुरवठा चालू असतानाच, शक्यतो पहाटेच्या शांततेत, आवाजावरून गळतीची जागा शोधावी. दाबाखालील पाणी फटीतून बाहेर पडताना जलवाहिनीच्या नळाला कंप सुटतो. व्हॉल्व्हवर लोखंडी कांडी टेकवून तिचे दुसरे टोक कानाशी धरले, की अखंड फुसफुस ऐकू येते, आणि दोन ठिकाणी आवाज टिपणारे संवेदक (सेन्सर) लावले, तर आवाज पोहोचण्याच्या वेळेतील फरकावरून गळतीचे अंतरही काढता येते. मात्र प्लास्टिकच्या नळात आवाज लवकर विरतो, त्यामुळे तेथे संवेदक जवळजवळ लावावे लागतात. नर्मदेचे पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून सुमारे ७० किलोमीटर अंतरावरून उपसून आणावे लागत असल्याने गळालेल्या पाण्याबरोबर वीजही वाया जाते. परंतु पुरवठा थांबून नळ रिकामा झाला, की त्याच फटीतून गटाराचे पाणी आत शिरू शकते, ही बाब मला त्याहून अधिक गंभीर वाटते.